सरकीचा तिसरा अंक

१३ जुलै २०१५, अकोला

आज तीनदा पडले. तिसऱ्या वेळी गुडघ्याची सालटी निघाली, म्हणून घरी सांगितलं की कॉलेजच्या जिन्यावर पाय घसरला. अम्मी हळद लावता लावता म्हणाली, "तुह्या कॉलेजात लय जिने दिसतात." तिला काही कळलं असेल असं वाटत नाही.

ही वही मराठीत लिहायची हे पक्कं. आमच्या घरात उर्दू सगळ्यांना वाचता येते. मराठी अब्बांना समजते, अम्मी तर अंजनगाव सुर्जीची, ती बोलतेच पक्की वऱ्हाडी. पण मराठी अक्षर दोघांनाही लागत नाही. मी मराठी शाळेत शिकले त्याचा एवढा तरी फायदा व्हायला हवा. अभ्यासाची वही म्हणून ही खाटेवर उघडी टाकली तरी चालते.

पडले ते जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या बंद कारखान्यात. दोन हंगाम पुरेसा कापूसच आला नाही, म्हणून मालकाने कुलूप घातलं. आत कापसाचे ढीग घालायचं सिमेंटचं अंगण आहे, आमच्या अख्ख्या मोहल्ल्याएवढं, आणि गाड्या चढवायचा लांब उतार. कॉलेजातल्या सोहमने पुण्याहून चाकांची फळी आणली, स्केटबोर्ड. साजिदने, म्हणजे माझ्या मावशीच्या, खालाच्या मुलाने, ती दोनदा उलटीपालटी करून पाहिली आणि आपल्या वेल्डिंगच्या दुकानात तशा आणखी दोन बनवल्या. त्यातली एक माझी. पहारेकरी सूर्यभानकाका आम्हाला मागच्या फाटकातून आत घेतात. अट एकच, कोणाचं हाड मोडलं तर त्यांनी आम्हाला पाहिलेलंच नाही.

फळी सुटली की हसू येतं. ओढणी कमरेला घट्ट बांधायची, गुडघ्यांना अब्बांच्या दुकानातला कापूस भरून मी शिवलेल्या गाद्या बांधायच्या आणि निघायचं. गादीवाल्याची मुलगी असल्याचा फायदा साजिदच्या गुडघ्यांनाही मिळतो. सोहम उतारावर जात नाही. फळी त्याचीच, पण तो फोटो काढतो.

२६ जुलै

आम्ही तिघं गुपचूप काढणार आहोत त्या अंकाचं नाव ठरलं, 'सरकी'. रुई गाठी बांधून बाहेर जाते आणि सरकी इथेच राहते, हे सोहमचं म्हणणं. बोलायला तो पटाईत आहे. पुण्याचं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आमच्या कॉलेजात आला, वडील अमरावतीला वकील, घरी पुस्तकांची कपाटं. प्राचार्यांवरचा लेख माझा, फळीवरचा साजिदने बोलून दाखवला आणि मी उतरवला, कविता सोहमची. कविता तशी बरी आहे.

प्राचार्य अक्षर ताडून पाहतील ही भीती सगळ्यांनाच होती. तेव्हा नियम मीच सुचवला. कोणाचंही नाव छापायचं नाही. सगळा मजकूर एकाच हाताने उतरवायचा, मूळ कागद सूर्यभानकाकांच्या चुलीत घालायचे आणि उतरवलेल्या पानांच्या झेरॉक्स काढायच्या. हात माझा. सोहम म्हणाला, "तुह्यावर कोनाले संशय येनार नाही. गादीवाल्याची पोरगी मराठीत प्राचार्यांची टर उडवून राहिली, हे कोनाच्या डोक्यात तरी येईल का?" मला ते कौतुकच वाटलं.

उतरवलेली पानं सोहम अमरावतीला घरी ठेवणार. माझ्या घरी ठेवायला जागा नाही, हे खरंच आहे.

९ ऑगस्ट

पहिला अंक वाटल्यापासून प्राचार्य तापले आहेत. शिपायाने लायब्ररीतल्या आणि एसटी स्टँडवरच्या प्रती गोळा केल्या. मराठीच्या तासाला आमच्या सगळ्यांच्या वह्या तपासल्या. माझी वही सरांनी उघडलीसुद्धा नाही, नुसती बाजूला ठेवली. आनंद झाला आणि रागही आला.

सोहमने सांगितलं की आपल्या वऱ्हाडात हे नवं नाही, रिद्धपूरकडे महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत उतरवायचे. उतरवणाऱ्यांची नावं कोणाला माहीत असतात का, असं मी विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं.

२७ ऑगस्ट

दुपारी अम्मी रजईत कापूस बसवत होती आणि मी समोर टाके घालत होते. अम्मीचा उजवा कोपर सरळ होत नाही, त्यामुळे तिचा हात कापसावर वाकडा पडतो. मी सहज विचारलं, विहिरीच्या पायऱ्यांवर घागर किती मोठी होती? घरात तेच माहीत आहे, की लग्नाआधी पाणी भरताना ती पायऱ्यांवरून पडली. ती हसायला लागली. म्हणाली, "कायची घागर अन् कायचं पानी."

मग तिने सांगितलं. तिचे वडील अंजनगावच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथे बोऱ्या, म्हणजे पोती, वाहायचा लोखंडी चाकांचा ठेला होता आणि फलाटापासून गोदामापर्यंत उतार. जुम्म्याच्या दुपारी माणसं नमाजला नि जेवायला गेली, की पंधरा वर्षांची खुर्शीद, म्हणजे अम्मी, ठेल्यावर चढायची. बसायची नाही, उभी राहायची. चार-पाच जुम्मे असं झालं. शेवटच्या वेळी ठेला खालपर्यंत गेला, सरकीच्या बोऱ्यांना टेकून थांबला, ही हसत खाली उतरली आणि जमिनीवरच्या दोरात पाय अडकून दगडावर पडली. कोपर मोडला. सोयरिकीची बोलणी चालू होती, म्हणून तिच्या वडिलांनी अकोल्याला अब्बांच्या घरच्यांना विहिरीच्या पायऱ्या सांगितल्या.

"तुह्या बापाले अजून तेच मालूम हाय," अम्मी म्हणाली. अब्बा दर हिवाळ्यात निवडून घेतलेल्या कापसाची एक छोटी उशी भरतात, अम्मीच्या कोपराखाली ठेवायला. पाणी भरताना मोडला बिचारीचा, असं गिऱ्हाइकांनाही सांगतात. अम्मी म्हणाली, ती उशी हातात घेतली की दर वर्षी जीव चोरट्यासारखा होतो. मग माझा हात धरून म्हणाली, "कोनाले सांगू नोको. माही आन हाय तुले."

मी नाही सांगणार म्हटलं. आणि सांगणार नाहीच. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. नाव नसलेल्या अंकात नाव नसलेल्या मुलीची गोष्ट, त्यात अम्मी कुठे आहे?

३० ऑगस्ट

तिसऱ्या अंकासाठी 'ठेला' ही गोष्ट लिहून झाली. तीन दिवसांत बारा पानं, कॉलेजला दांडी. असं आजवर काही लिहिलं नव्हतं. शेवट करताना रडू आलं, ते अम्मीला दिसू नये म्हणून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सोहमने जिनिंगच्या अंगणातल्या कठड्यावर बसून वाचली. शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं. मग म्हणाला, "सगळं भारी हाय. पन खाली पोचून, उतरून, दोरात पाय अडकून पडते, यात काय दम हाय? उतारावरच पाड तिले. मधातच. पूर्ण वेगात." मी म्हटलं, तसं झालं नव्हतं. तो म्हणाला, "झालं काय ते कोनाले पाह्यचं हाय?"

भांडले. मग घरी येऊन मधात पाडून पाहिलं. गोष्ट खरंच उभी राहिली. शेवटचं पान आता असं आहे की वाचणाऱ्याचा श्वास अडकेल. मूळ कागद नियमाप्रमाणे चुलीत घातले, साजिदने वरून चहा ठेवला.

१३ सप्टेंबर

तिसरा अंक संपला. पुन्हा झेरॉक्स काढल्या, त्याही संपल्या. कृषी विद्यापीठाच्या होस्टेलवर लोक 'ठेला' मोठ्याने वाचतात म्हणे. आज बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन मुली तीच पानं वाचत होत्या, आणि एकीने डोळे पुसले. मी त्यांच्या मागे गुपचूप बसून होते. इतका आनंद मला फळीवरही झाला नाही.

सूर्यभानकाकांना साजिदने वाचून दाखवली. काका जन्मभर जिनिंगमध्ये राबलेले. ते एवढंच म्हणाले, "लोखंडी ठेला मधात उलटत नसते बापा. जड राह्यते. खालीच जाऊन थांबते." त्यांना साहित्यातलं काय कळणार म्हणून आम्ही हसलो.

१८ ऑक्टोबर

सोहम पुण्याला जाऊन आला. तिथे ओळखीच्यांना तिन्ही अंक दाखवले. म्हणाला, "लोक इचारतात, लिवलं कोनं? मी नुसता हासतो." किती सांभाळतो तो आम्हाला. मी असते तर कधीच बोलून गेले असते.

त्याने मला कागदावर काही प्रश्न लिहून दिले आहेत. पिंजलेल्या कापसाचा वास कसा असतो, गादी शिवायच्या दाभणाला आमच्याकडे काय म्हणतात, जुम्म्याला घरात काय शिजतं. पुढच्या अंकासाठी असेल. मी सहा पानं भरून दिली.

२२ नोव्हेंबर

जिनिंगचं मागचं फाटक आता वेल्डिंग करून बंद केलंय. जागा विकली जाणार म्हणतात. सूर्यभानकाका गावी गेले. आणि वेल्डिंग साजिदनेच केलं, त्याच्या दुकानाला काम मिळालं होतं. मी बोलले तर म्हणाला, "मी नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं." हे मला अजून पचलेलं नाही.

शिवाय तो पुण्याला चालला आहे. तिथे मुलांना स्केटिंग शिकवायची नोकरी लागली, सोहमने ओळखीने लावून दिली. सोहम स्वतः दोन आठवडे फोन उचलत नाही. परीक्षेचा अभ्यास असेल. माझी फळी मी दुकानात गाद्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवली.

४ जानेवारी २०१६

पुस्तक आलं. वर्गातल्या मुलीच्या हातात पाहिलं, तिच्याकडून एका तासापुरतं मागून घेतलं. नाव 'ठेला आणि इतर कथा', लेखक सोहम. मुखपृष्ठावर उतारावरची मुलगी, पाठमोरी, कमरेला ओढणी बांधलेली. ती मी आहे.

आत माझे पाच मजकूर आहेत. साजिदचा बोललेलाही आहे. दाभण, वास, जुम्म्याचं जेवण, माझ्या सहा पानांची एक नवी कथा केली आहे. शेवटच्या पानावर आभार: "सुंदर हस्ताक्षराबद्दल सबीहाचे."

ते वाक्य मी कितीदा वाचलं ते माहीत नाही. तास संपला, मुलीने पुस्तक परत मागितलं, मी दिलं. ती म्हणाली, "तू वळखते का याले?"

५ जानेवारी

सकाळच्या एसटीने अमरावतीला गेले. घरी सांगितलं, कॉलेजचं काम. दार सोहमच्या वडिलांनी, चिंतामणकाकांनी उघडलं. फार भला माणूस, बसा म्हणाले, चहा सांगितला. सोहम बाहेर आला आणि मला पाहून क्षणभर थबकला, मग हसला. "बाबा, ही सबीहा. आमच्या अंकाचं लेखन हिचंच. म्हंजे अक्षर."

"अरे वा," काका म्हणाले, "छापल्यासारखं अक्षर आहे हो तुमचं. आजकाल असं लिहितं कोण?"

मी म्हटलं, कथा माझ्या आहेत. काकांनी चष्मा काढून सोहमकडे पाहिलं. सोहम उठून कपाटातून पानांचा गठ्ठा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. "हे घ्या. सगळ्यायचंच हिच्या अक्षरात हाय. माझी कविता हिच्या अक्षरात, साजिदचं हिच्या अक्षरात. नियमच तो होता, अन् हिनंच केला होता. आता अक्षरावरून लेखक ठरवायचा का?"

काका वकील. त्यांनी मला अगदी सौम्यपणे विचारलं, "बाळ, मूळ कागद आहेत का तुमच्याजवळ?" मला चूल दिसली, तिच्यावरचा चहा दिसला. मी नाही म्हटलं.

काका आत गेल्यावर सोहम हळू आवाजात बोलला. "पाह्य सबीहा, तुह्या नावानं हे छापून आलं असतं तर तुह्या घरी काय झालं असतं? मी अंगावर घेतलं. अन् तू कच्चं आनलं होतं. गोष्ट उभी कोनं केली? मधातच पाड, हे कोनं सांगतलं?"

मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारायचं होतं. पण समोर काकांनी सांगितलेला चहा होता, आणि मी तो प्यायले. परतीच्या बसमध्ये सगळ्यात जास्त राग त्याच गोष्टीचा आला.

८ जानेवारी

साजिदला फोन केला. तू पाहिलंस ना मला लिहिताना, एवढं फक्त सांग, असं म्हटलं. मागे मुलांचा गलका, चाकांचा आवाज. "आपा, मी कुठं वाचतो? कोन काय लिवते मले काय मालूम," तो म्हणाला. सूर्यभानकाकांना 'ठेला' यानेच वाचून दाखवली होती. त्याचा लेख मी त्याच्या तोंडून उतरवला होता, त्याची बोटं ग्रीसने काळी होती म्हणून. फोन मीच ठेवला.

एक पुरावा आहे. ही वही. २७ ऑगस्टच्या पानावर अम्मीची सगळी हकिगत आहे, ३० ऑगस्टला सोहमचं बोलणं आहे, तारखांसह. चिंतामणकाकांपुढे ठेवली तर ते मानतील. पण त्याच पानावर अम्मीची आन आहे. ते पान कोणाला दाखवायचं?

१७ जानेवारी

अब्बांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. लग्नाच्या गाद्या यंदा मोजक्याच. वीज गेलेली, मशीन बंद, अब्बा रेडिओ लावून हाताने शिवत होते. रेडिओवर एक बाई पुस्तकातलं वाचत होत्या. मी दाराशीच थांबले, कारण पहिल्या वाक्यावरूनच कळलं.

बाईंचा आवाज चांगला होता. अंजनगावचं जिनिंग. कामगाराची पंधरा वर्षांची पोरगी. जुम्म्याची दुपार. गाव बदलायला हवं होतं; पण नावं गाळायचा नियम आम्ही माणसांपुरता केला होता, गावाचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मुलगी मधात पडली, कोपर पुन्हा कधी सरळ झाला नाही, आणि सोयऱ्यांना विहिरीच्या पायऱ्या सांगितल्या गेल्या. अब्बांचं दाभण गादीत अर्धं रुतून थांबलं होतं. मग बाईंनी लेखकाचं नाव सांगितलं.

"ये उसकू कोन बोला?" अब्बांनी विचारलं.

"कोणी बोललं नाही अब्बा. मी लिहिलं."

दोन आठवडे मी हे सांगत फिरते आहे आणि कोणी मानलं नाही. अब्बांनी एका दमात मानलं. त्यांनी रेडिओ बंद केला, दाभण ओढून काढलं आणि डब्याला हात न लावता घरी निघाले. मी मागून चालत होते. घरी गेल्यावर त्यांनी अम्मीला काहीच विचारलं नाही, नुसतं तिच्या कोपराकडे पाहिलं. अम्मीने पदर कोपरावर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही, आणि इथे लिहूनही ती हलकी झालेली नाही.

२१ जानेवारी

घरात कोणी भांडत नाही. अब्बा जेवतात, दुकानात जातात. या वर्षीच्या उशीची खोळ शिवून तयार होती, ती खुंटीवर रिकामीच लटकते आहे. चोवीस वर्षं ज्या पायऱ्यांसाठी त्यांनी अम्मीची कीव केली, त्या पायऱ्या नव्हत्याच.

सोहमने मला लुबाडलं म्हणून मी अमरावतीला धावले. अम्मीने कुठे धावायचं? हे आधी का सुचलं नाही मला?

२४ जानेवारी

आज दुपारी मी ही वही अम्मीपुढे ठेवली. म्हटलं, यात सगळं आहे, तू सांगशील तर फाडते, तू सांगशील तर वकिलाला दाखवते. सोहमचं नाव जाईल, माझं येईल. अम्मीने वहीवरून बोट फिरवलं. "इतले दिवस अभ्यास अभ्यास म्हणत होती ते हेच का?" मग म्हणाली, "वाच."

वाचलं. जिन्यावरून घसरल्याचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, "ते मले तवाच समजलं होतं." तिची आन वाचली. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मी घाईत वाचून टाकलं, तर तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग गादीखालून तिसरा अंक काढला, माझी शेवटची प्रत, आणि 'ठेला' पहिल्यापासून वाचली. अब्बा आज दुकानात गेले नव्हते; पलीकडच्या खोलीत घरच्या मशीनवर शिवत होते, त्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. अम्मी गुडघ्यावर कोपर टेकवून ऐकत होती. ठेला सुटतो तिथे तिचे डोळे जरा चमकले. शेवटचं पान संपलं तेव्हा मी रडत होते, ती नाही.

मी म्हटलं, "अम्मी, त्यानं माझं सगळं नेलं."

"नेलं तर नेलं," ती म्हणाली. "कोनाचं नाव लावाचं ते तुमी पाहा. मले त्यातलं समजत नाई." थोडा वेळ ती अंकाकडेच पाहत राहिली, न वाचता येणाऱ्या माझ्या अक्षराकडे. "पन तू मले मधातच काहून पाडलं?"

मी अंक मिटला.

"मी खालपर्यंत गेली होती. पुरी. उभ्यानं. बोऱ्यायले टेकून ठेला थांबला, मंग मी उतरली. सांगतलं होतं ना तुले? जिंदगीत येकच गोष्ट केली मी, कोनाले न इचारता. तेबी तू अर्धीच ठेवली."

ती उठली आणि स्वयंपाकाला लागली. मी वही घेऊन तिथेच बसून राहिले. भिंतीपलीकडचं मशीन बंद होतं. वीज होती, पंखा चालू होता. ते केव्हा थांबलं आणि अब्बांनी कुठपासून ऐकलं, ते मला माहीत नाही.